अर्ज केला, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की अकोल्याच्या जुन्या शहरात एक विशेष प्रकारची गर्दी दिसू लागते. किल्ल्याच्या बाजूने जयहिंद चौकाकडे येताना ज्या लहान लहान दुकानांत एरवी झेरॉक्स काढून मिळते, त्यांच्या दाराशी बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी ह्या तालुक्यांतून आलेले बाप आपापल्या मुलामुलींस घेऊन उभे असतात. बापाच्या हाती प्लास्टिकची पिशवी असते. तीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधारकार्ड व बँकेचे पासबुक अशी साऱ्या घराची कागदी इस्टेट जपून ठेवलेली असते. दुकानदार संगणकावर बोटे चालवितो, मोबाइलवर आलेला आकडा विचारून घेतो, शेवटी एक छापील कागद हाती देतो व म्हणतो, "झालं, काका." काकांचा जीव भांड्यात पडतो. दुकानदाराचे पैसे चुकते करून ते एस. टी. गाठावयास निघतात.

ह्या "झालं" शब्दाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. कारण खरे पाहता त्या घटकेस काहीच झालेले नसते. पेरणी उरकून शेतकरी घरी आला म्हणजे पीक घरात आले असे कोणी म्हणत नाही. निंदण, डवरण, राखण ही सारी पुढेच असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाचेही तसेच आहे. परंतु शेतीतील ही गोष्ट ज्यांस लहानपणापासून कळते, त्याच आपल्या लोकांस अर्जाच्या बाबतीत ती कोणी सांगत नाही. आणि आम्ही पाळक व उपदेशक मंडळी, ज्यांनी सांगावयाचे, तेही पुष्कळदा जाणत नाही.

आम्हीही जाणत नव्हतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बाळापूर तालुक्यातील एका खेड्यातील मुलगी बारावीस चांगले गुण मिळवून अकोल्याच्या एका महाविद्यालयात दाखल झाली. बाप मजुरी करणारा, आई निंदणाखुरपणास जाणारी. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास आम्ही स्वतः तिच्याबरोबर गेलो होतो. दुकानदाराने मोबाइलचा नंबर विचारला. मुलीजवळ फोन नव्हता. "कोणताही चालेल," असे आम्हीच बोलून गेलो. तिच्या मामाचा नंबर दिला गेला. अर्ज गेला, कागद मिळाला. आम्ही तिला म्हणालो, "आता निश्चिंत राहा, बाई."

मामा दिवाळीनंतर कामाकरिता सुरतेस गेले व तेथे त्यांनी दुसरे सिमकार्ड घेतले. इकडे महाविद्यालयाच्या कारकुनाने अर्ज तपासला. उत्पन्नाचा दाखला मागील आर्थिक वर्षाचा जोडलेला होता, म्हणून तो दुरुस्तीकरिता परत पाठविला. त्याचा संदेश कोठे गेला असेल तो गेला. मुलगी रोज महाविद्यालयात जात होती. त्या कारकुनाच्या खिडकीवरूनच जात होती. परंतु खिडकीशी थांबून विचारावे असे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारण्याची तिला लाज वाटत होती. दुरुस्तीची मुदत संपली. फेब्रुवारीत परीक्षेचे अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा फीची बाकी निघाली व मग सारे उघडकीस आले. घरच्यांनी दोन शेळ्या विकल्या, एक गोऱ्हा विकला, आणि फी भरली. त्या वर्षाची शिष्यवृत्ती तिला अखेरपर्यंत मिळाली नाही. ह्यात दुकानदाराचा दोष नव्हता. कारकुनाने तर आपले काम बरोबरच केले होते. "निश्चिंत राहा" असे सांगणारे आम्ही, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. हा पाठ लिहिण्याचे कारण तेच आहे.

प्रथम हा पैसा कोणाचा, हे समजून घ्यावे. कारण तो दानधर्माचा आहे अशी समजूत असली म्हणजे मनुष्य खिडकीशी उभा राहून विचारावयास धजत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी १९४२ साली अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचा एक विस्तृत खलिता सरकारास सादर केला. त्यात उच्च शिक्षणाच्या साह्याची मागणी होती. सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरिता वर्षास ३ लाख रुपयांची तरतूद केली, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच योजना स्वराज्यातही चालत राहिली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी पाच वर्षांचा ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला व त्यातील ६० टक्के भार केंद्राने, उरलेला राज्यांनी उचलावा असे ठरविले. ३ लाखांपासून येथवर ही वाट आली आहे. आदिवासी, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल ह्यांच्याकरिता ज्या योजना आहेत त्या वेगळ्या. त्यांचे नियमही वेगळे. परंतु साऱ्यांच्याच पाठीशी कायदेमंडळाने मंजूर केलेला पैसा आहे. तो मागण्यात कमीपणा नाही.

महाराष्ट्रात ह्या बहुतेक योजनांचे अर्ज आता महाडीबीटी नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरावे लागतात. २०१७-१८ ह्या शैक्षणिक वर्षी ही व्यवस्था सुरू झाली. केंद्र सरकारच्या काही योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर असतात. तेथे अर्ज केला म्हणजे येथेही झाला असे नाही.

आता अर्जाच्या प्रवासाकडे वळू. दुकानात तो पाठविला गेला की त्यास एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक, संकेतस्थळावरील आपले नाव व परवलीचा शब्द ही तिन्ही विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीत उतरून घ्यावीत. पुष्कळ दुकानदार ती आपल्याच रजिस्टरात लिहून ठेवतात, आणि मग प्रत्येक लहानसहान गोष्टीकरिता त्यांच्याकडेच जावे लागते.

तेथून अर्ज महाविद्यालयात येतो. प्रथम शिष्यवृत्तीचे काम पाहणारा कारकून तो उघडतो, जोडलेले प्रत्येक कागदपत्र पाहतो, आणि बरोबर वाटल्यास वर प्राचार्यांच्या मंजुरीस पाठवितो. त्यानंतर तो त्या त्या खात्याच्या जिल्हा किंवा विभागीय कचेरीत जातो. सामाजिक न्याय खात्याची योजना असेल तर अकोल्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे. उच्च शिक्षण खात्याची असेल तर अमरावतीच्या विभागीय सहसंचालकांकडे. येथून मंजुरी मिळाली म्हणजे मग पैशाची गोष्ट निघते. ह्या प्रत्येक मुक्कामी अर्ज तीनपैकी एका अवस्थेत असू शकतो: पुढे गेला, नामंजूर झाला, किंवा दुरुस्तीकरिता परत आला.

परत आलेल्या अर्जाविषयी आम्ही थोडे अधिक लिहितो, कारण आमच्या अनुभवाने पुष्कळ मुले येथेच बुडतात. अर्ज परत येणे म्हणजे नकार नव्हे. परंतु परत आलेला अर्ज मुदतीत सुधारून पाठविला नाही, तर त्याचा नकार झाल्यावाचून राहत नाही. परत येण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. दाखल्याचे छायाचित्र अस्पष्ट. गुणपत्रिकेवर "सुनिता" व आधारकार्डावर "सुनीता". उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला. महाविद्यालयाने ठरविलेली फी व अर्जात लिहिलेली फी ह्यांत तफावत. जेथे जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते तेथे नुसता जातीचा दाखला जोडलेला. ह्यांतील पहिली चूक दहा मिनिटांत सुधारते. उत्पन्नाच्या दाखल्यास तहसीलची फेरी पडते. जात पडताळणीस मात्र महिने लागू शकतात. म्हणून ज्यांस व्यावसायिक शिक्षणास जावयाचे असेल त्यांनी अकरावीतच तिचा अर्ज करावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

मग परत आल्याचे कळावे कसे? संदेशाच्या भरवशावर राहू नये. फोन हरवतो, रिचार्ज संपतो, मामा सुरतेस जातो. दर पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याने स्वतः संकेतस्थळावर आपला क्रमांक घालून अर्ज कोठे आहे ते पाहावे, आणि महिन्यातून एकदा खिडकीशी जाऊन विचारावे. कारकून रागावेल, अशी भीती मुले बोलून दाखवितात. रागावला तरी बिघडत नाही. त्याच्यापुढे शेकडो अर्ज असतात, शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ मंदावते, आणि त्याचाही जीव मेटाकुटीस येतो. जो विद्यार्थी नम्रपणे पुन्हा पुन्हा येतो, त्याचे नाव त्याच्या लक्षात राहते. त्या न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जाणाऱ्या विधवेची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ती प्रार्थनेविषयी आहे हे खरे, परंतु कचेरीच्या दारीही तिचा उपयोग होतो असे आमच्या पाहण्यात आले आहे.

एक लहानशी सूचना. अर्जाबरोबर जो मोबाइल नंबर द्याल तो तीन-चार वर्षे घरात राहील असाच द्यावा, व तोच आधारकार्डाशी जोडलेला असावा. नंबर बदलणे झालेच तर प्रथम आधार केंद्रात नोंद करून घ्यावी. ह्याच नंबरावर एकदा वापरावयाचा आकडा येतो, ज्यास ओटीपी म्हणतात. "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आकडा सांगा," असा फोन आला तर तो लबाडाचा समजावा. खरी कचेरी असा आकडा फोनवर कधी मागत नाही.

मंजुरी झाल्यावर पैसा येतो तो बँकेत; आणि येथे दुसरी मोठी अडचण आहे. पूर्वी मुले आपल्या पासबुकाचा क्रमांक देत व पैसा त्या खात्यात येई. आता तो आधार क्रमांकाच्या मागोमाग जातो. म्हणजे आपण अर्जात कोणते खाते लिहिले हे महत्त्वाचे नसून, आपला आधार क्रमांक सरकारी पैशाकरिता कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, हे महत्त्वाचे. ह्यास बँकेतील लोक आधार सीडिंग म्हणतात. बँकेत आधारकार्डाची प्रत दिली म्हणजे हे झाले, असे पुष्कळांस वाटते, तसे नाही. ती प्रत ओळखीकरिता असते. सीडिंगकरिता वेगळा अर्ज व संमती लागते. शिवाय एका वेळी एकाच बँकेचे खाते असे जोडलेले असते. एका मुलाने अर्जात एका बँकेचे खाते लिहिले. पुढे गावात दुसऱ्या बँकेच्या माणसाने शिबिर भरवून नवे खाते उघडून दिले व त्याचा अंगठा घेतला. शिष्यवृत्ती त्या नव्या खात्यात जाऊन पडली, आणि मुलगा जुन्या बँकेत चार महिने हेलपाटे घालीत राहिला. आधारच्या सरकारी संकेतस्थळावर आपला क्रमांक व ओटीपी घातल्यास कोणती बँक जोडलेली आहे, ते तत्काळ दिसते. अर्ज भरण्यापूर्वीच हे पाहून घ्यावे.

जे खाते दोन वर्षांहून अधिक काळ वापरले गेले नाही ते बँक निष्क्रिय ठरविते. तसेच पूर्ण ओळखपत्रांवाचून उघडलेल्या लहान खात्यात वर्षास एकूण १ लाखापर्यंतच जमा होऊ शकते व शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्याची फी ह्याहून अधिक असू शकते. अशा विद्यार्थ्याने बँकेत जाऊन कागदपत्रे पुरी करून द्यावीत.

आता जी गोष्ट घराघरांत बोलावयास अवघड वाटते ती लिहितो. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. राज्याने आपला ४० टक्के भाग दिल्यानंतर तो सुटतो. म्हणून पैसा एकदम न येता दोन तुकड्यांत, मध्ये पुष्कळ दिवसांचे अंतर पडून, येतो. त्यात मुलाच्या निर्वाहाचे पैसे असतात, आणि महाविद्यालयाच्या फीचेही असतात. फीचा भाग विद्यार्थ्याने ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात भरावयाचा असतो. परंतु ज्या घरात एका वेळी १० हजार रुपये कोणी पाहिले नाहीत, त्या घराच्या पासबुकात ऐन मृगाच्या तोंडावर ४० हजार येऊन पडले तर काय होते? सोयाबीनचे बियाणे घ्यावयाचे असते, सावकाराचा निरोप आलेला असतो, थोरलीच्या लग्नाचे देणे उरलेले असते. बाप म्हणतो, कापूस निघाला की भरून टाकू. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, हे आम्हांस सांगता येत नाही. परंतु तो पैसा महाविद्यालयाचा होता, आणि मुलाच्या नावावर आता बाकी उभी राहिली. पुढील वर्षाचा प्रवेश, परीक्षेचा अर्ज, शेवटचा दाखला, प्रत्येक वेळी ती बाकी आडवी येते.

ह्याकरिता अर्ज भरावयाच्या दिवशीच, बाप, आई व मूल ह्या तिघांसमक्ष, कोणता पैसा कोणाचा हे कागदावर लिहून ठेवावे. महाविद्यालयाकडून फीचा तपशील लेखी मागून घ्यावा. त्यात शिष्यवृत्तीतून भागणारी फी किती व न भागणारी किती, हे विचारावे. प्रवेशाच्या वेळी सारी फी आधी भरा असा आग्रह झाला, तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांत पात्र विद्यार्थ्यास आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून फ्रीशिप कार्डाची तजवीज आहे, हे प्राचार्यांच्या नजरेस आणावे व समाज कल्याण कचेरीत त्याची चौकशी करावी. आणि बाकी राहिली म्हणून मूळ गुणपत्रिका व दाखले अडकवून ठेवण्याची मुभा कोणत्याही महाविद्यालयास नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये तसे स्पष्ट जाहीर केले आहे. बाकी द्यावयाची नाही असा ह्याचा अर्थ नव्हे. ती द्यावीच, परंतु मुलाचे कागद ओलीस राहू नयेत.

मुलींविषयी एक वेगळी गैरसमजूत पसरलेली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्ग ह्यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षास ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. "मुलींना शिक्षण फुकट," असे गावोगाव झाले, आणि काही घरांनी अर्जच केला नाही. सवलत आपोआप मिळत नाही. महाडीबीटीवर अर्ज करावाच लागतो, आणि तो दरवर्षी करावा लागतो. वसतिगृह, खानावळ, एस. टी. चा पास, पुस्तके हा खर्च ह्या सवलतीत येत नाही. हे आधी न कळल्यामुळे घरे हिशेबात चुकतात.

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ वाचक आम्हांस विचारतात की धर्माचा व जातीचा रकाना कसा भरावा. प्रश्न नाजूक आहे, तथापि टाळण्याजोगा नाही. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हे स्थान प्रथम हिंदूंपुरते होते. १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस ते मिळाले. ख्रिस्ती झालेल्यांस मिळालेले नाही. ह्याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश न्या. के. जी. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही. म्हणून मेळघाटातील कोरकू ख्रिस्ती विद्यार्थी जमातीच्या योजनेस अर्ज करू शकतो. हा भेद न्याय्य आहे की नाही ह्यावर आमचे मत आहे, परंतु तो वाद ह्या लेखाचा नाही. येथे सांगावयाचे ते इतकेच, की शिष्यवृत्तीकरिता रविवारी एक व कचेरीत दुसरे असे लिहू नये. तपासणीत ते उघडकीस आले म्हणजे दाखला रद्द होतो, घेतलेले पैसे परत करावे लागू शकतात, आणि ते लिहून दिलेले मूल वीस वर्षांनी नोकरीतही सुरक्षित राहत नाही. आपण कोणत्या वर्गात बसतो हे तहसील कचेरीत विचारून खरे तेच लिहावे. उत्पन्नावर आधारलेल्या योजना उरतातच.

साह्य मिळाल्यानंतरही प्रकरण संपत नाही, ह्याचे आपल्या देशात सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण स्वतः डॉ. आंबेडकरांचेच आहे. मॅट्रिक झाल्यानंतर पुढील शिक्षणाची ऐपत घरात नव्हती. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या मुंबईच्या शिक्षकांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडे त्यांच्याकरिता शब्द टाकला, आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे अमेरिकेस जाण्याकरिता महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, अशी त्यात अट होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले, मग लंडनला गेले. १९१७ मध्ये मुदत संपली व अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांची पुस्तके व सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज बुडविले गेले. त्या सामानाची जी नुकसानभरपाई आली, तिच्यातून बडोद्यास जाण्याचा खर्च भागला.

करार पाळावयास ते बडोद्यास गेले, आणि तेथे त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. तेथून लोकांनी काठ्या घेऊन येऊन त्यांस बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईस आले. दहा वर्षांची अट पुरी झाली नाही, आणि शिष्यवृत्तीच्या रकमेचा तगादा संस्थानाकडून पुढे त्यांच्यामागे लागला. सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य घेतले, मित्राकडून कर्ज काढले, आणि १९२० मध्ये अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास पुन्हा लंडन गाठले.

ह्या हकिकतीत आम्हांस केळुसकर गुरुजी फार मोलाचे वाटतात. त्यांच्याजवळ देण्यासारखा पैसा नव्हता. कोणाकडे जावे, कसे बोलावे, हे त्यांस ठाऊक होते, आणि ते स्वतः बरोबर गेले. खेड्यातील उपदेशकाच्या हाती ह्याहून अधिक काही नसते, आणि ह्याहून अधिक लागतही नाही. त्याने एक वही करावी. मंडळीतील जितकी मुले महाविद्यालयात आहेत, त्या प्रत्येकास एक पान द्यावे. योजनेचे नाव, अर्जाचा क्रमांक, दिलेला मोबाइल, आधारशी जोडलेली बँक, उत्पन्नाचा दाखला संपण्याची तारीख, आणि शेवटी दर महिन्यास अर्ज कोठे आहे ह्याची एक ओळ. परवलीचा शब्द मात्र ह्या वहीत लिहू नये. तो मुलाजवळच असावा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मूल गावी येते तेव्हा घटकाभर बसून ते पान भरावे.

जेथे खिडकीशी उत्तर मिळत नाही, तेथे लेखी मागावे. महाविद्यालयास साधा अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तेवढ्यानेही न झाले, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. १० रुपये फी भरून सरकारी कचेरीस विचारता येते की अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेस आला, सध्या कोणत्या टेबलावर आहे, व पुढे न जाण्याचे कारण काय; ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास ती फीही नाही. भांडणाचा सूर मात्र नसावा. तारीख, क्रमांक व प्रश्न, इतकेच लिहावे.

दुसऱ्या वर्षी नवा अर्ज न करता नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी पैसे आले म्हणून दुसऱ्या वर्षी ते आपोआप येत नाहीत. नापास झाल्यास, मध्ये वर्ष गेल्यास, अभ्यासक्रम बदलल्यास प्रत्येक योजनेचा नियम निराळा असतो. ह्याबाबत गावातील कोणाच्या सांगण्यावर न विसंबता महाविद्यालयातच विचारावे. हजेरीची अट बहुतेक योजनांस असते. पेरणी-काढणीस मुलांस घरी ठेवून घेणाऱ्या आईबापांनी हे लक्षात असू द्यावे.

त्या मुलीविषयी लिहावयाचे राहिले. दुसऱ्या वर्षी नंबर तिच्या आईच्या फोनचा दिला गेला. तहसीलचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवला. तरीही अर्ज एकदा परत आला. ह्या वेळी गुणपत्रिकेचे छायाचित्र तिरपे आले होते. तिने ते तिसऱ्या दिवशीच पाहिले, जुन्या शहरातील त्याच दुकानात जाऊन पुन्हा जोडले, व खिडकीशी जाऊन कारकुनास सांगितले. पहिला हप्ता मार्चमध्ये आला. दुसरा यावयास पुढचा पावसाळा उजाडला. मधल्या काळात फीकरिता तिने प्राचार्यांस लेखी मुदत मागितली व ती मिळाली. शेळ्या काही परत आल्या नाहीत. यंदा ती शेवटच्या वर्षास आहे, आणि तिच्या गावच्या मंडळीतील त्या वहीची पाने तीच भरते. गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा वहीत सात नावे होती, आणि दोघांच्या पुढे तिने लाल शाईने लिहिले होते: "परत आला. शनिवारी अकोला."